ऑक्सिडाइज्ड एलडीएलने रक्तवाहिनीचं नेमकं काय बिघडतं?

सांजवारा: बाबांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 160 आलाय, डॉक्टर म्हणाले ऑक्सिडाइज झालेलं जास्त वाईट, म्हणजे काय हो?

गवतीचहा: रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यानेच नळी सैलावते, 1998 चं मेडिसिनचं नोबेल याच शोधाला मिळालं. ऑक्सिडाइज्ड एलडीएल, म्हणजे ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होऊन बिघडलेलं एलडीएल, त्या पेशींवरच्या लॉक्स-1 रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, मग नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वर सुपरऑक्साइड हा नायट्रिक ऑक्साइड संपवणारा रेणू वाढतो आणि गरजेच्या वेळी नळी नीट उघडतच नाही.

रानवाट: शिवाय मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी हे बिघडलेलं एलडीएल गिळत सुटतात, फुगून फोम सेल (चरबीने भरलेल्या पेशी) होतात, प्लाकची, म्हणजे नळीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थराची, सुरुवात तिथेच.

सांजवारा: मग ऑक्सिडेशन रोखायला व्हिटॅमिन ई देऊ का?

गवतीचहा: नको! होप ट्रायल या मोठ्या वैद्यकीय चाचणीत त्याचा काहीच फायदा दिसला नाही. एलडीएलच खाली आणा, आणि सिगरेट असेल तर प्लीज आजच सोडायला लावा.