देव मानत नाही, तरी जुन्या चर्चमध्ये पाय रेंगाळतो. कुणाला असं होतं का?

पायवाट_७:
मी देव मानत नाही, कॉलेजपासूनच. घरच्या पूजेला बसत नाही, आईला ते लागतं हे कळतं मला. पण सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन जुनी चर्च बघत हिंडतो, जुना गोवा चारदा झाला, वसई किल्ल्याचं तर मोजणंच सोडलंय. मागच्या रविवारी किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये होतो, जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत बघा, दुपारी त्यांच्यावरून चाललो तेव्हा सपाट फरशी वाटली आणि पाचच्या सुमारास ऊन तिरपं आलं तशी पोर्तुगीज अक्षरं एकेक करून वर आली. फोटो राहिला बाजूला, अर्धा तास बोटाने अक्षरं चाचपत बसलो, भाषा येत नाही तरी. देव नाही म्हणणाऱ्याला तिथे नक्की काय मिळतं? आणि दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी नुसतं फोटोसाठी जाणं बरोबर आहे का?

जांभा_दगड:
मला तरी माणसाचे हात दिसतात तिथे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा तो लाल जांभा सगळे कौतुकाने टिपतात, पण तो मुळात असा उघडा नव्हता, वर गिलावा होता, १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून पाऊस थेट दगडावर. जवळ जाऊन बघ, दगड कसा झिजलाय ते. तिथल्याच सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटरचा मनोरा तर अर्धाच उभा आहे, चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. आणि शिंपल्याच्या तावदानांची खिडकी कुठे मिळाली तर सोडू नकोस, काचेच्या जागी पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात, आत येणारा उजेड दुधासारखा. त्या उजेडात फ्लॅश मारू नये रे, सगळं मरतं.

वसईची_पोर:
मी कॅथलिक, वसईचीच. आजी चर्चला देऊळच म्हणायची, त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही वाटला. या की, खुशाल या. फक्त मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असताना कॅमेरा पिशवीत राहू दे, आणि कुणी गुडघे टेकून बसलेलं असेल तर त्याचा चेहरा घेऊ नका, तो माणूस काय मागतोय ते आपल्याला माहीत नसतं. माझे वडील गेले त्या आठवड्यात मी बाकावर रडत होते आणि एक पाहुणा समोरून फोटो काढत होता, अजून विसरले नाही. आधी दहा मिनिटं बाकावर बसा, मग काढा. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आता रोजची प्रार्थना होत नाही पण खाली माणसं पुरलेली आहेत, त्या दगडांवर ट्रायपॉड रोवू नका एवढंच.

कृष्णाकाठ:
वाईजवळ मेणवलीला ये, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर पोर्तुगीज घंटा टांगलीय. १७०७ साल आहे तिच्यावर, मेरी आणि बाळ येशूची आकृती. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा अशा बऱ्याच घंटा इकडे देवळांत आल्या. लहानपणी आम्ही ती वाजवायचो, वर कोण कोरलंय ते कधी बघितलंच नाही, आता दर वेळी आधी तेच बघतो.

पायवाट_७:
ताई, तुमचं वाचून माझे जुने फोटो काढून बसलो. तीन फोटोंत प्रार्थना करणाऱ्यांचे चेहरे होते, आत्ताच डिलीट केले. मेणवलीला पुढच्या शनिवारी येतोय, घंटेच्या आकृतीवर ऊन सकाळी येतं की संध्याकाळी?