वाचनालयाच्या सभासदांची माहिती विनामूल्य अ‍ॅपला द्यावी का? ‘लपवण्यासारखे काही नाही’ या म्हणण्याला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : खानापूरचा वाचक

सीमाभागातील सर्व जाणकारांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका मराठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काम करतो. आमच्याकडे सभासदांची नोंद आजही रजिस्टरात आणि पुस्तकांची देवघेव कार्डांवर होते. अलीकडे एका खासगी कंपनीने मंडळाकडे प्रस्ताव पाठवला आहे. सभासद नोंदणी, देवघेव आणि वर्गणीची आठवण ही सारी कामे करणारे मोबाईल अ‍ॅप ती विनामूल्य देणार आहे. त्यासाठी प्रत्येक सभासदाचा मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, जन्मतारीख, व्यवसाय, मातृभाषा आणि कुटुंबातील व्यक्तींची नावे भरावी लागतील, आणि करारातील एका कलमानुसार ही माहिती कंपनीला ‘सेवा सुधारण्यासाठी’ आपल्या सहयोगी संस्थांना देता येईल. करार इंग्रजीत आहे. सभासदाने ज्यावर ‘मान्य’ म्हणायचे तो मजकूर इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे. आमच्या सभासदांत अशा अनेक वयस्कर स्त्रिया आहेत, ज्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा वाचता येत नाही.

मंडळातील बहुतेकांचा कल प्रस्ताव स्वीकारण्याकडे आहे. आपण पुस्तके वाचतो, गुन्हा करत नाही, मग आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय, असे ते विचारतात. रेशन, गॅस, बँक, सिम कार्ड, कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना या सर्व ठिकाणी आधार दिलेलाच असताना आणखी एका ठिकाणी दिल्याने काय बिघडणार, असेही एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले. मला हा प्रस्ताव मनातून पटत नाही. परंतु केवळ ‘पटत नाही’ एवढ्यावर सभेत बोलता येत नाही. खासगी माहिती जपण्याला एवढे महत्त्व का द्यावे, आणि छोट्या ग्रामीण संस्थेला ते कितपत लागू पडते, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निपाणीचा वकील

आपला प्रश्न वाचनालयाचा असला तरी त्याचे कायदेशीर मूळ आपल्याच राज्याशी जोडलेले आहे. आधार योजनेला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारे न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्या प्रकरणात केंद्र सरकारने, खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत कुठेच लिहिलेला नाही, अशी भूमिका घेतली आणि त्यामुळे तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या पीठाने एकमताने निर्णय दिला की हा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता ‘लपवण्यासारखे काही नाही’ याकडे वळू. या म्हणण्यात असे गृहीत धरलेले असते की माहिती जपतो तो काही तरी दडवतो. प्रत्यक्षात प्रश्न असतो तो माहिती कोणाकडे, कशासाठी आणि किती काळ राहते याचा. स्त्रियांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेखाली बेळगावहून खानापूरला जाणारी बाई बसमध्ये कंडक्टरला आधार कार्ड दाखवते; तो पाहतो, शून्य रकमेचे तिकीट देतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. संध्याकाळपर्यंत त्याला एकही क्रमांक आठवत नाही. तोच क्रमांक एखाद्या कंपनीच्या संगणकात साठवला, त्याला जन्मतारीख, व्यवसाय आणि मातृभाषा जोडली, आणि ती नोंद पुढे तिसऱ्या-चौथ्या संस्थेकडे गेली, तर त्या बाईने कार्ड दाखवले त्या हेतूशी त्या नोंदीचा काहीही संबंध उरत नाही. सरकारी योजनेसाठी आधार देणे आणि वाचनालयाच्या अ‍ॅपसाठी देणे यांत फरक आहे तो इथे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधील, खासगी कंपन्यांना निव्वळ कराराच्या जोरावर आधारचा वापर करू देणारा भाग रद्द केला, त्यामागेही हाच विचार होता. कादंबरी घरी नेण्यासाठी बारा अंकी क्रमांकाची आवश्यकता काय, हा प्रश्न आपण सभेत निःसंकोच विचारावा.

दुसरी बाब संस्थेच्या जबाबदारीची. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. आपले कागदी रजिस्टर जोपर्यंत कागदावर आहे, तोपर्यंत या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यातील नोंदी संगणकात गेल्या की त्या कक्षेत येतात. संमती ही मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी, समजून-उमजून आणि कोणत्याही अटीविना दिलेली हवी, आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित असते. कायद्याच्या मजकुरातच उदाहरण आहे: दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने सल्ल्याबरोबर फोनमधील संपर्क यादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी ती यादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने संमती तिला लागू होत नाही. मंडळाने विशेष लक्षात घ्यावे असे कलम पुढे आहे. कंपनी आपल्या वतीने माहिती हाताळत असली तरी कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायी वाचनालयच राहते. सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. खेड्यातील वाचनालयाला कोणी एवढा दंड करणार नाही, परंतु ‘कंपनीने केले, आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर चालणार नाही.

राहिला भाषेचा मुद्दा. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो, आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. सीमाभागात मराठी परिपत्रकासाठी आपण किती अर्ज-विनंत्या करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे तर कायदाच आपल्या बाजूला उभा आहे. ज्या आजींना इंग्रजी आणि कन्नड वाचता येत नाही, त्यांचा अंगठा ‘मान्य’ या बटणावर टेकवून घेणे ही संमती होऊ शकत नाही.

उत्तर २ : शहापूरचा निवृत्त कारकून

वकील महोदयांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे. तरीही एक शंका मांडतो. आपण मराठी भाषिक या भागात भाषिक अल्पसंख्य आहोत. एखाद्या तालुक्यात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक असेल तर त्यांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, हे तत्त्व केंद्र आणि राज्यांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. आपली संख्या कागदावर दिसली तरच या हक्काला अर्थ आहे. अशा परिस्थितीत मातृभाषा सांगण्यास आपणच संकोच केला, तर आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्यासारखे होणार नाही का? शिवाय आजच्या काळात माहिती दिल्यावाचून एकही काम होत नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीपासून शेताच्या उताऱ्यापर्यंत सर्व काही ऑनलाइन झाले आहे, आणि त्यामुळे कचेरीतील खेपा वाचल्या, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

उत्तर ३ : कॅम्प भागातील संगणक अभियंता

शहापूरच्या काकांची शंका रास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. गणना होणे आणि माहिती उघडी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ असे आहे की जनगणनेतील वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. घरी आलेल्या शिक्षकाला माणूस आपली भाषा, धर्म आणि घरातील स्थिती बिनदिक्कत सांगतो, त्यामागे असे संरक्षण असते. गोपनीयतेची खात्री नसेल तर लोक खोटे सांगतील किंवा सांगणारच नाहीत, आणि आपली संख्याच चुकेल. कर्नाटकात सप्टेंबर २०२५ मध्ये मागासवर्ग आयोगाचे सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली नाही. मात्र सहभाग ऐच्छिक राहील आणि माहिती गोपनीय ठेवली जाईल, असे अंतरिम आदेशात बजावले. म्हणजे मातृभाषा सांगायचीच, पण ज्याच्यावर कायद्याचे बंधन आहे त्याला. ‘सहयोगी संस्थां’ना सांगून आपल्या एकाही हक्काची बाजू भक्कम होत नाही.

चांगल्या हेतूने केलेली नोंद दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तेथील लोकसंख्या नोंदवहीत प्रशासनाच्या सोयीसाठी धर्माची नोंद होती. जर्मन सैन्याने देश व्यापल्यावर ज्यूंना हुडकण्यासाठी तीच वापरली गेली, आणि अखेर २७ मार्च १९४३ रोजी तेथील प्रतिकार गटाने अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीलाच आग लावली. आपल्या परिस्थितीची त्या भीषणतेशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. नोंद तयार करणाऱ्याचा हेतू त्या नोंदीबरोबर पुढे जात नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

कंपन्या नेहमी सांगतात की आम्ही नावे काढून टाकूनच माहिती पुढे देतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी अशाच नावे वगळून संशोधनासाठी दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड एवढे तीनच रकाने जुळवले, आणि त्यातून थेट राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. हे झाले शहरात. खानापूर तालुक्यातील एखाद्या गावात अमुक वर्षी जन्मलेली, शिक्षिका असलेली, मराठी मातृभाषा असलेली स्त्री एकच असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. तेथे नाव वगळल्याने काहीच झाकले जात नाही.

मी बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात वाढलो, त्यामुळे आणखी एक घटना लक्षात राहिली आहे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील धावपटूंच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की ओसाड प्रदेशात उजळलेल्या त्या रेषा म्हणजे सैनिकांच्या सकाळच्या धावण्याचे मार्ग आहेत आणि त्यांवरून लष्करी तळांची रचना ओळखता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, त्या शहराने तरी ‘माझ्या धावण्यात कोणाला काय रस असणार’ असे म्हणू नये. एकट्या सैनिकाने काहीच उघड केले नव्हते. सर्वांचे मिळून उघडे पडले.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडते. लोन अ‍ॅपनी कर्जदाराच्या फोनमधील संपर्क यादी उचलून त्याच्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना धमकावण्याचे प्रकार एवढे वाढले की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत संपर्क यादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फाइल यांना हात लावण्यास मनाई केली. ज्यांना धमक्या आल्या त्यांनी ना कर्ज घेतले होते, ना अ‍ॅप. त्यांचा क्रमांक दुसऱ्याच्या फोनमध्ये होता, एवढेच कारण पुरले. आपल्या अर्जात कुटुंबातील व्यक्तींची नावे मागितली आहेत, त्याकडे या दृष्टीने पाहावे. सभासद स्वतःच्या वतीने होकार देईलही. सुनेच्या किंवा धाकट्या भावाच्या वतीने तो कोणत्या अधिकाराने देणार?

आता खुद्द वाचनाविषयी. आपल्या कार्ड पद्धतीत पुस्तक परत आले की त्याचे कार्ड पुन्हा पुस्तकाच्या खिशात जाते आणि ते कोणी नेले होते याची खूण बहुधा उरत नाही. या जुन्या पद्धतीत विसरण्याची सोय आपोआप होती. अ‍ॅपमध्ये मात्र प्रत्येक पुस्तक, त्याची तारीख आणि ते किती दिवस ठेवले हे सारे कायमचे राहते. घटस्फोटाच्या कायद्याचे, मानसिक आजाराचे, कर्करोगाचे किंवा सीमाप्रश्नाचे पुस्तक कोणी नेले, ही माहिती वाचकाखेरीज कोणाच्याही कामाची असू नये. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रिअट कायद्यानंतर तपास यंत्रणांना अशा नोंदी मागण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा तेथील काही ग्रंथालयांनी परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी नष्ट करण्याचाच पायंडा पाडला. आपले पुस्तक कोणी तरी टिपून ठेवत आहे हे कळले, की वाचक विशिष्ट कपाटाकडे जाणेच टाळतो. वाचनालयाचे सर्वांत मोठे नुकसान मला तेथे दिसते.

प्रश्नकर्ता : खानापूरचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण मांडलेले मुद्दे, विशेषतः संस्थेची जबाबदारी आणि परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी, सभेत ठेवण्याजोगे आहेत. परंतु मंडळ मला लगेच विचारेल की मग संगणकीकरण करायचेच नाही का. आमची आर्थिक ताकद बेताची आहे, ग्रंथपाल अर्धवेळ आहेत, आणि तरुण सभासदांना मोबाईलवर पुस्तकांची यादी पाहायची आहे, ही मागणीही चुकीची नाही.

उत्तर : कॅम्प भागातील संगणक अभियंता

संगणकीकरण अवश्य करावे. कोहा नावाची ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली. ती मुक्त स्रोत असल्याने परवाना शुल्क पडत नाही, देवनागरी नोंदी घेते आणि आपल्याच संगणकावर चालवता येते. परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून सभासदाचे नाव काढून टाकण्याची सोय तिच्यात आहे. ती सुरुवातीलाच सुरू करून घ्यावी, नंतर करू म्हटले की राहून जाते. पुस्तकांची यादी सर्वांना मोबाईलवर दिसू द्यावी, सभासदांची यादी मात्र वाचनालयाबाहेर जाऊ नये. नाव, पत्ता, एक संपर्क क्रमांक आणि अनामत रकमेची पावती एवढ्यावर देवघेव सुरळीत चालते. बसवून देण्याचे काम बेळगावातील संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. त्या वेळी मदतीला मी येईन.

उत्तर : निपाणीचा वकील

बालविभाग असल्यास एक भर घालतो. अठरा वर्षांखालील सभासदाची माहिती संगणकात घेण्यासाठी नवीन कायद्यानुसार पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलांच्या वर्तनावर नजर ठेवण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. कंपनीला नकार कळवताना ‘सहयोगी संस्था’ असलेल्या कलमाचा क्रमांक पत्रात नमूद करावा आणि मंडळाच्या ठरावाची प्रत जोडावी. सभासदांसाठीच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा येथे ठेवल्यास सभेपूर्वी पाहून देतो.