केळीच्या व्हिनेगरला नेलपॉलिशसारखा वास येतोय, आम्लताही २.४ टक्क्यांवरच अडलीय

मृगबाग_यावल

नमस्कार मंडळी. आमचा यावल तालुक्यातल्या बायकांचा बचत गट आहे. भाव पडला की व्यापारी लहान घड आणि डागाळलेल्या फण्या उचलत नाही. गुरांना घालून तरी किती घालणार? म्हणून त्या मालाचं व्हिनेगर करायला घेतलंय.

आमची कृती सांगते. साल काढून १० किलो गर मिक्सरमधून फिरवला, १० लिटर पाणी घातलं आणि एक उकळी आणली. गार झाल्यावर बेकरीचं यीस्ट टाकलं, सोबत किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर विरजण म्हणून. तोंडाला मलमलचं कापड बांधलं. आठवड्याभरात बुडबुडे थांबले, मग गाळून कॅनमध्ये भरलं, बूच घट्ट लावलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून दिलं. हे सगळं एप्रिल-मेमध्ये.

अडचणी दोन. एक म्हणजे बूच उघडलं की नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो, एका कॅनला तर सडक्या अंड्याचा. दुसरी म्हणजे उतारा. एवढ्या मालातून गाळून जेमतेम ९ लिटर निघालं, बाकी सगळा गिळगिळीत लगदा. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातला गोडवा मोजायचं यंत्र) सुरुवातीला १० ब्रिक्स, म्हणजे साधारण १० टक्के साखर होती, शेवटी आकडा ४ वर थांबला. आम्लता कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तपासून आणली, २.४ टक्के. नेमकं कुठे बिघडतंय?

फैजपूर_फळप्रक्रिया

ताई, नमस्कार. तुम्ही मोजमाप लिहिलंत म्हणून बरं झालं, त्यावरून बरंच कळतं.

आधी वासाचं. तो वास इथाइल ॲसिटेटचा. अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिड एकाच भांड्यात आहेत आणि हवा नाही, अशा ठिकाणी तो साचत जातो. उघड्यावर आंबवलं तर रानटी यीस्टही तोच वास करतात. तुमच्याकडे दोन्ही झालंय. यीस्टचं काम, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणं, चालू असताना कापड होतं, तेव्हा हवा नको होती. त्या अल्कोहोलचं ॲसिड करणारे व्हिनेगरचे जिवाणू हवेशिवाय काम करूच शकत नाहीत, आणि त्यांच्या वेळी तुम्ही बूच लावलंत. हा क्रम उलटा करा. पहिले आठ-दहा दिवस झाकण बंद, फक्त गॅस बाहेर जायला एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. बुडबुडे थांबले की गाळायचं, तळाचा गाळ मागेच ठेवायचा आणि रुंद तोंडाच्या बरणीत किंवा चांगल्या स्टीलच्या पातेल्यात अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंतच भरायचं. वर दुहेरी कापड, दोरीने करकचून बांधलेलं, नाहीतर चिलटं आत शिरतात. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ कुठल्याही टप्प्यावर नको.

विरजण पहिल्या दिवशी घालू नका. आंबटपणा आधीच आला की यीस्ट दबतं, साखर अर्धवट राहते. शिवाय दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. ते म्हणजे पाणी घातलेलं ॲसेटिक ॲसिड, त्यात एकही जिवंत जिवाणू नाही. न तापवलेलं, न गाळलेलं, तळाशी साय असलेलं व्हिनेगर कुणाकडून तरी मिळवा आणि दुसऱ्या टप्प्यात ३ भाग रसाला १ भाग घाला. त्याने सुरुवातीलाच एक-सव्वा टक्का आम्लता येते आणि वर पांढरी, सुरकुतलेली बुरशीसारखी साय धरत नाही. चांगली साय गुळगुळीत आणि चिवट असते, बोटाने उचलली तर एकसंध उचलली जाते.

आता पत्र्याची शेड. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. हे जिवाणू २८ ते ३० अंशांत खूश असतात, ३७-३८ च्या पुढे थंडावतात. यीस्टही ३५ च्या वर गेलं की उग्र वास सोडतं. शिवाय तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलच उडून जातं, मग ॲसिड व्हायचं कशापासून? गावात कुणाचं धाब्याचं घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीत ठेवा, भांड्याभोवती ओलं पोतं गुंडाळा. माझं मत विचाराल तर एप्रिल-मेचा माल व्हिनेगरला घेऊच नका. पावसाळा सरता सरता सुरू करा, म्हणजे कडाक्याची थंडी पडायच्या आत उरकतं.

उताऱ्याबद्दल एक प्रश्न आहे. केळी किती पिकलेली घेता? लांबच्या बाजारासाठी घड पाऊणच तयार असताना उतरवतात. त्यातून मागे राहिलेली फणी वरून पिवळी दिसते, पण आत स्टार्च असतो, आणि यीस्ट स्टार्च खात नाही. वर तुम्ही ती उकळता, म्हणजे थेट खळ झाली. गाळणीतून उतरणार कशी? औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन आणा. केळं आडवं कापून कापावर दोन थेंब टाका. काळं-निळं झालं तर स्टार्च आहे, तपकिरी-पिवळंच राहिलं तर केळं तयार.

तापीकाठ

सडक्या अंड्याच्या वासाचं मी सांगतो. तो हायड्रोजन सल्फाइड. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की येतो. अर्धं पाणी घालून रस पातळ केला की नायट्रोजनही निम्मा होतो. यावर डाय-अमोनियम फॉस्फेट घालतात, पण भो, इथे एक गोष्ट नीट ऐका. ते खाद्य दर्जाचंच हवं. कृषी केंद्रातली १८:४६ ची (डीएपी खताची) गोणी शेतात टाकायची असते, खाण्याच्या वस्तूत तिचा एक दाणाही जाता कामा नये. खाद्य दर्जाचं मिळत नसेल तर थोडं बेकरी यीस्ट पाण्यात उकळून मारा आणि ते पाणी रसात घाला. जिवंत यीस्टला ते खत म्हणून चालतं.

आणि विकायचं असेल तर एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते. मधल्या टप्प्यात अल्कोहोल तयार होतं, म्हणून जळगावला राज्य उत्पादन शुल्क कार्यालयातही आधीच विचारून ठेवा. गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मृगबाग_यावल

दादा, आयोडीन आजच लावून पाहिलं. वरून पूर्ण पिवळी, फक्त देठाशी हिरवट असलेली फणी घेतली होती. मधला भाग तपकिरी राहिला, पण सालीकडची कड काळीभोर झाली. शेजारच्या डागाळलेल्या फणीला काहीच झालं नाही, आयोडीनचा रंग तसाच. आम्ही तर डागाळलेली बाजूला काढून पिवळीधम्मक निवडत होतो!

आता रस जास्त निघायला काय करू? आणि तयार झालेल्या कॅनचं काय? शिवाय ब्रिक्स ४ म्हणजे साखर शिल्लक आहे ना?

फैजपूर_फळप्रक्रिया

साखरेचे तपकिरी ठिपके आलेली, देठही पिवळा झालेला, हाताला मऊ लागणारी फणी घ्या. फक्त बुरशी लागलेली किंवा काळं पाणी सुटलेली टाकून द्या.

गर उकळू नका. ६५-७० अंशांपर्यंत नेऊन दहा मिनिटं ठेवा आणि उतरवा. ४५-५० ला आला की पेक्टिनेज एन्झाइम पाकिटावरच्या मापाने घाला आणि दोन-तीन तास झाकून ठेवा. केळीत पेक्टिन (गराला चिकट, घट्ट ठेवणारा पदार्थ) भरपूर, ते तुटलं की गर आपोआप पाणी सोडतो, चमच्यावरून तार न येता धार पडते. एन्झाइम मिळालं नाही तर गर न गाळताच यीस्ट लावा आणि आंबून झाल्यावर मांजरपाटाच्या पिशवीत भरून वर वजन ठेवा. आंबलेला गर कच्च्यापेक्षा खूप सहज सुटतो. तुम्ही टाकून दिलेल्या त्या लगद्यातच तुमची अर्धी साखर गेली. पाणीही गराइतकं नको, निम्मं पुरे.

रिफ्रॅक्टोमीटर आंबवण्याआधीच खरा. अल्कोहोल आलं की प्रकाश वेगळा वळतो आणि आकडा फुगून दिसतो. ४ दिसले म्हणजे ४ टक्के साखर उरली असं नाही, खरी त्याहून कमी असते. शेवटचं माप हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचनळी) घ्या. तो १.००० च्या आसपास आला तर पहिला टप्पा संपला.

हिशोब असा आहे. १ ग्रॅम साखरेतून कागदावर ०.५१ ग्रॅम अल्कोहोल होतं आणि १ ग्रॅम अल्कोहोलमधून १.३ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड. म्हणजे १ ग्रॅम साखरेला ०.६६ ग्रॅम. घरगुती पद्धतीत ०.४ ते ०.५ आलं तरी उत्तम. १० ब्रिक्सच्या रसातून ४ ते ५ टक्के यायला हवं होतं, तुमचं निम्म्यावर अडलं ते हवा आणि उष्णतेमुळे.

दर वेळी कॉलेजला जायची गरज नाही. १० मिली व्हिनेगर, थोडं पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे (ॲसिड संपलं की गुलाबी होणारं रसायन) दोन-तीन थेंब. ब्युरेटमधून (मापाच्या खुणा आणि तोटी असलेली काचनळी) ०.५ नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा आणि जेवढे मिली लागले त्याला ०.३ ने गुणा, ती टक्क्यांतली आम्लता. कॉस्टिकचं द्रावण मात्र प्रयोगशाळेतूनच करून आणा, आणि हातमोजे व चष्मा घालूनच ते हाताळा. कायद्याने किमान ३.७५ टक्के आम्लता लागते, तुम्ही साडेचार धरून चला. तिथे पोचलं की उशीर न करता ६५ अंशांवर अर्धा तास तापवा आणि बाटल्या काठोकाठ भरा. अल्कोहोल संपल्यावरही हवा मिळत राहिली तर तेच जिवाणू ॲसिड खायला लागतात आणि आम्लता उतरते.

आताचे कॅन रुंद भांड्यात ओता, कापड बांधा, सावलीत ठेवा, जिवंत विरजण घाला. इथाइल ॲसिटेट पटकन उडतं, दोन-तीन आठवड्यांत वास बराच कमी होईल. पण बाहेरून ॲसेटिक ॲसिड ओतून आकडा वाढवू नका, मग ते आंबवलेलं व्हिनेगर म्हणून विकता येत नाही. अंड्याच्या वासाचा कॅन वेगळाच ठेवा, त्यातलं विरजण दुसऱ्यात घेऊ नका. पाल इथल्या कृषी विज्ञान केंद्रातही एकदा जाऊन या, आयोडीन लावलेल्या दोन्ही फण्या सोबत न्या.

मृगबाग_यावल

लेबलवर 'केळीचं' लिहायचं तर त्यात उसाचा गूळ घालून ब्रिक्स वाढवलेला चालतो का? गटातल्या एकीने सुचवलंय.

फैजपूर_फळप्रक्रिया

गूळ घातला तर घटकांच्या यादीत तो लिहावाच लागेल. पण ठिपक्यांच्या केळीला निम्मं पाणी घातलं तर १२-१३ ब्रिक्स सहज येतो, गुळाची गरजच पडणार नाही. आधी ५ किलोची एकच बॅच करा आणि आकडे इथे टाका.