'एकच वीस-पन्नास, एकच नव्वद': जुन्या पिकअपच्या ऑइलवरून जुंपली

डिपस्टिक:
'जुनी पिकअप आहे, विमान नाही' या मथळ्याची पोस्ट परवापासून फिरतेय. वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर पळाली की इंजिनात २०डब्ल्यू५० ऑइल ओता (डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार असतानाच्या जाडीचा, नंतरचा गरम झाल्यावरचा), गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगला (डिफरन्शियलला) एकाच डब्यातलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल, ब्रेकला हाताशी येईल ते, रेडिएटरला बोअरचं पाणी. बाकी सगळी कंपन्यांची लूट. खाली 'अगदी बरोबर भाऊ' म्हणत रांग लागलीय. कंपन्या लुटतात, मान्य. पण या सल्ल्याने जी लूट होते ती गॅरेजच्या बिलात निघते, म्हणून कुणाला दिसत नाही.

आधी इंजिन. बोलेरो पिकअप घ्या नाहीतर टाटा २०७, गाडीचं वय बघायचं नाही. डिझेल पंप कुठला आणि टर्बो आहे का, ते बघायचं. मेकॅनिकल पंपाच्या, बिनटर्बो इंजिनाला २०डब्ल्यू४० खुशाल चालतं. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन) आणि टर्बो असेल तर १५डब्ल्यू४०. गरम झाल्यावर दोन्हींचा पल्ला एकच, १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडीचं माप). फरक पडतो तो गार इंजिनाला सेल्फ मारल्यावर, टर्बोच्या बुशपर्यंत ऑइल किती लवकर पोचतं त्यात. २०डब्ल्यू५० घातलं की मीटरवर प्रेशर चढतं आणि मालक खूश होतो. बेअरिंगमधली फट मात्र होती तेवढीच असते. काटा वर गेला, झीज तिथेच.

डब्यावर जाडीच्या आधी एपीआयची, म्हणजे ऑइलच्या दर्जाची, ओळ वाचा. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. या गाड्यांना सीआय-४ प्लस पुरेसं आहे. सीके-४ चाच हट्ट नको. त्यातली कमी राख डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, सांभाळायला आहे, आणि इथे डीपीएफच नाही. पेट्रोल गाडीचं, नुसतं 'एसएन' लिहिलेलं ऑइल मात्र डिझेलमध्ये नको. काजळी धरून ठेवायची ताकद त्यात नसते.

गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू९० जीएल-४, हाउसिंगला जीएल-५ (हे एपीआयचे गिअर ऑइलचे दर्जे). यावर वाद होऊ शकत नाही.

माल_भाडं:
वा, प्रवचन छान झालं. आता जळगावला या मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, आणि 'गार इंजिन' दाखवा. हंगामात पिकअप थंड व्हायला उभी कधी राहते? कांदा उतरला की दुसरा माल भरलेलाच. जुन्या मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असायचा, तो सोयीस्करपणे विसरलात. बोअर झिजलेल्या इंजिनात १५डब्ल्यू४० पाण्यासारखं उडतं, वीस-पन्नास कमी जळतं. हाफ इंजिनचा (रिंगा-बेअरिंग बदलायचा) खर्च एक हंगाम पुढे ढकलला, तर गाडीमालकाला तेवढंच हवं असतं. तुमचं सेंटिस्टोक भाडं देत नाही.

डिपस्टिक:
बिनटर्बो इंजिन, खानदेशातला उन्हाळा, वर भरगच्च माल, तर घाला वीस-पन्नास. एवढं देतो. टर्बोवाल्याला नाही.

पण ऑइल 'उडतं' म्हणजे कुठून, ते आधी शोधा. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना एकच निळा लोट सोडला आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वर, आणून ते सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. चढाला लोडखाली सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) भपभप, तर रिंगा. टर्बोनंतरच्या रबरी नळीत ऑइलचा ओला थर, तर टर्बो. यातलं एकही जाड ऑइलने दुरुस्त होत नाही. आणि डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर? ती वाढलेली पातळी म्हणजे बहुतेक वेळा डिझेल. फीड पंपाचा सील किंवा इंजेक्टरची परतीची लाइन गळतेय. त्यात वीस-पन्नास ओतून आठवड्यात पुन्हा पातळ झालेलंच मिळेल.

क्राउन_पिनियन:
इंजिनाचं ठीक आहे. पण 'वाद होऊ शकत नाही'? होऊ शकतो. जीएल-५ गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगचं पितळ खातं हे जुनं भूत आहे. पूर्वीच्या ऑइलमधलं सल्फर तांब्यावर तुटून पडायचं. आताची रसायनं निवळलेली आहेत, कॉपर स्ट्रिप टेस्ट पास होऊनच डबा बाजारात येतो. कित्येक डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं. दोन बादल्या ठेवायला लावून गाडीमालकाला घाबरवू नका.

पाना_सोळा:
'पास' म्हणजे किती मार्कांनी पास, तेही सांगा ना. तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या ऑइलमध्ये ३ तास बुडवतात. जीएल-५ ला दर्जा ३ पर्यंत सूट आहे, म्हणजे पट्टीवर गडद डाग पडले तरी चालतील. एमटी-१ या दुसऱ्या गिअर ऑइल दर्जाला २ए च्या, म्हणजे त्याहून फिक्या डागाच्या, पुढे जाऊ देत नाहीत. पस्तीस टक्क्यांवर पास झालेल्या पोराला पहिला नंबर म्हणायचा प्रकार झाला हा.

क्राउन_पिनियन:
साहेब, एमटी-१ बिनसिंक्रोच्या जड ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी आहे. पिकअपच्या सिंक्रो गिअरबॉक्सच्या वादात ते कशाला आणता? आकडे पाठ असले म्हणजे लागू होतातच असं नाही.

पाना_सोळा:
ठीक, एमटी-१ मागे घेतलं, मिरवा. मुद्दा तरी सुटत नाही, कारण पितळ खाणं हा अर्धाच प्रश्न. सिंक्रो रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. त्यांचं काम ऑइलचा थर कापून समोरच्या कोनला घट्ट धरायचं आणि दोघांचा वेग जुळवायचा. जीएल-५ मध्ये दाब सोसणारं सल्फर-फॉस्फरस जीएल-४ च्या साधारण दुप्पट. ते रिंगला कोनवर घसरवतं. वेग जुळायच्या आत स्लीव्ह पुढे सरकते आणि 'खर्रर्र' होतं. माळशेजमध्ये लोड गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना ड्रायव्हर म्हणतो 'क्लच गेला', मालक क्लचप्लेट टाकतो, आवाज तसाच. मग गिअरबॉक्स उतरतो. रिंगचे आटे घासून सपाट, दातांची टोकं बोथट.

बाहेरून बघायचं असेल तर काढलेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरा. करड्या चिखलात सोनेरी चकाकी फिरताना दिसली, तर ती तुमची पितळी रिंग. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट चालते, पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणून 'प्लग साफ आहे' या बोलण्याला अर्थ नाही.

क्राउन_पिनियन:
घर्षणाचा मुद्दा मान्य, तोही अर्धा. ते ऑइल बनवणाऱ्यावर बदलतं. पण उलटी चूक कुणी बोलत नाही. 'गिअर ऑइल ते गिअर ऑइल' म्हणून हाउसिंगमध्ये जीएल-४ जातं. हाउसिंगमधल्या क्राउन आणि टेलपिनियन या दोन गिअरचे मध्य एका रेषेत नसतात. दात नुसते लोळत नाहीत, दाबाखाली लांब घसटत जातात. तिथे जीएल-४ चा थर फाटतो, दातांवर आधी रेघोट्या, मग खवले, मग साठच्या पुढे 'हूं' असा आवाज. ज्याच्याकडे खरोखर एकच डबा आहे त्याने जीएल-५ च घ्यावं.

पाना_सोळा:
हे मात्र मान्य करावं लागेल. सिंक्रो रिंग गेली तर गाडी घरी येते, टेलपिनियन गेलं तर टोचनवर येते.

गिअरबॉक्समधून आवाज आला की लोक नव्वद काढून एकशेचाळीस ओततात, तोही प्रकार बंद करा. आवाज दबतो आणि थंडीत सकाळी पहिला गिअर पडत नाही. आणि नव्वद नंबर इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड हा भ्रमच आहे. गिअर ऑइलचे नंबर वेगळ्या मापाचे. १०० अंशांना नव्वद म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच.

शिवाय हाउसिंगच्या ब्रीदरकडे कुणी बघतं का? चिखलाने बुजला की गरम हवेला वाट राहत नाही. ती पिनियन सील आणि एक्सलच्या सीलमधून ऑइल ढकलते आणि मागचे ब्रेक लायनर भिजतात. मेकॅनिक सील बदलतो, महिन्यात पुन्हा गळती, शिव्या सीलला. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. फुकटचं काम आहे.

ब्याऐंशी_अंश:
तुम्ही सगळे ऑइलवर भांडताय आणि निम्म्या पिकअपमध्ये थर्मोस्टॅटच (गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) नाही! 'आपल्याकडे थंडी कुठंय' म्हणत काढून फेकणारे मिस्त्री भेटले की ब्रह्मदेवाचं ऑइलही टिकणार नाही. थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला बसवलेला असतो. तो काढला की हलक्या लोडवर इंजिन साठ-पासष्टवर रेंगाळतं, अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरतं. डिपस्टिकरावांनी वाढलेल्या पातळीचं कारण सांगितलं त्यात हे घाला. वर गंमत अशी की बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासही बंद करतो. तोच नसला तर घाटात निम्मं पाणी रेडिएटरला न जाता फिरून परत इंजिनात. म्हणजे थंडीत थंड आणि चढाला गरम. काढल्याचा फायदा कुणाला झाला, मिस्त्री सोडून?

आणि बोअरचं पाणी. क्षार हेडच्या जॅकेटमध्ये जिथे सर्वांत गरम तिथे आधी बसतात. जुन्या पितळी, सोल्डर केलेल्या रेडिएटरला हिरवं, सिलिकेटवालं कूलंट घ्या, दोन वर्षांनी बदला. सगळ्याच नारिंगी ऑर्गॅनिक कूलंटचं सोल्डरशी पटत नाही. ॲल्युमिनियम रेडिएटर असेल तर नारिंगी चालेल, पण हिरव्यावर ओतायचं नाही. आधी सिस्टिम धुवा, हीटरची लाइन उघडी ठेवून. पाणी बॅटरीचं (डिस्टिल्ड), कूलंटशी निम्मं-निम्मं.

माल_भाडं:
बॅटरीचं पाणी रेडिएटरला. उद्या अंघोळीलाही सांगाल.

ब्याऐंशी_अंश:
हेड गॅस्केट आणि हेड फेसिंगचं बिल समोर ठेवा, मग त्या पाण्याचा भाव सांगा. रोज तर भरायचं नाही.

घाटउतार:
भांडा खुशाल, पण मूळ पोस्टमधली सर्वांत घातक ओळ 'ब्रेकला हाताशी येईल ते', ती सगळ्यांनी टाळली. ब्रेकच्या टाकीत चमचाभर पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल किंवा इंजिन ऑइल गेलं, तर आतले रबर फुगतात. मास्टर सिलिंडरचा कप परत येत नाही आणि ब्रेक धरून बसतात. नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, होजपाइप, सगळं रबर नवं आणि लाइन धुवायची. रबर पेट्रोल-रॉकेलने धुणाऱ्यांनाही हेच लागू.

डॉट-३ की डॉट-४? दोन्ही एकमेकांत चालतात, डॉट-५ चं सिलिकॉन चालत नाही. ताजं डॉट-३ २०५ अंशांना उकळतं, डॉट-४ २३० ला. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच आकडे १४० आणि १५५ होतात. कसाऱ्यात लोड गाडी ब्रेकवर उतरवली तर १४० गाठायला वेळ लागत नाही. वाफ झाली की पेडल खाली. म्हणून डॉट-४, दोन वर्षांनी बदली, एक लिटर धरा. मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात. मागच्या एक्सलला लोडप्रमाणे चालणारा व्हॉल्व्ह असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ब्लीड करा (लाइनमधली हवा काढा). एक्सल लोंबकळत असेल तर तो व्हॉल्व्ह मागची लाइन आवळून धरतो आणि हवा आतच राहते. उरलेला उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

माल_भाडं:
ब्रेकचं बोललात ते खरं. त्या पोस्टवाल्याचीही गाडी घाट उतरत असेल, देव त्याचं भलं करो. कूलंटचं हिशेब करून बघतो. वीस-पन्नासवर मात्र तुमचं ऐकणार नाही, माझं इंजिन बिनटर्बो आहे आणि तुम्हीच वर परवानगी दिलीत.

एक सांगा: सेकंडहँड गाडीच्या गिअरबॉक्समध्ये आत्ता जीएल-४ आहे की ५, कसं ओळखायचं? वास तर दोघांचा तोच, कुजलेल्या अंड्याचा.

डिपस्टिक:
परवानगी कसली, तुम्ही विचारलं होतंत कुठे? इंजिनाचं आणखी एक: पहिल्यांदा चांगल्या दर्जाचं ऑइल घातलं की जुना गाळ सुटतो. पहिला फिल्टर हजार-दीड हजार किलोमीटरलाच बदला. त्याआधी 'साफ करायला' म्हणून रॉकेल मारून इंजिन फिरवू नका. सगळं बाहेर येत नाही, उरलेलं नवीन ऑइल पातळ करतं.

पाना_सोळा:
वासाने आणि रंगाने नाही ओळखता येत. आत काय आहे माहीत नसेल तर काढून टाकायचं. गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून गरम करा, सपाट जागेवर उभी करा. आधी वरचा भरायचा प्लग सोडा. तो गंजून बसलेला निघाला आणि तुम्ही खालचा आधीच उघडला असेल, तर गाडी जागेवरच. मग ड्रेन, दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्या, नवं तांब्याचं वॉशर घाला. ८०डब्ल्यू९० जीएल-४, भरायच्या भोकाच्या खालच्या काठातून ओघळेपर्यंत, त्याच्यावर थेंब नाही. जास्त भरलं तर पुढच्या सीलमधून क्लचवर. डबा घेताना झाकणाचं सील बघा आणि रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी खिळा मारून भोक पाडा, नाहीतर त्यातूनच दुसऱ्याला डुप्लिकेट माल मिळतो.

आणि काढलेलं ऑइल हाउसिंगमध्ये ओतू नका. विचारणारच होतात.