सांगली-मिरज भागासाठी नवा आयसीडी: अर्ज कुठे, कागद कोणते, आणि आधी काय तपासायचं?

कुपवाड_एमआयडीसी विचारतात:

रांजणीच्या ड्राय पोर्टची (बंदरापासून दूर, आतल्या भागातल्या कंटेनरच्या कस्टम्स ठाण्याची) चर्चा कवठेमहांकाळपासून मिरजेपर्यंत किती वर्षं चालली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या संघटनेला या वेळी नुसतं निवेदन द्यायचं नाही, नीट टिपण तयार करायचं आहे. कुपवाड-पलूसची कास्टिंग (धातूचे ओतीव भाग), तासगावचा बेदाणा आणि द्राक्षं, सांगलीची हळद, साखर, साताऱ्याकडचा इंजिनिअरिंगचा माल असं सगळं धरून. मला हवं ते असं: कस्टम्सचं ठाणं म्हणून एखादी जागा घोषित होते म्हणजे कायद्यात नक्की काय होतं? अर्ज कोणाकडे जातो? किती जागा, किती कंटेनर लागतात? शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हे झाल्यावर आमचा माल न्हावाशेवा बंदरापर्यंत नेण्याचा खर्च खरंच कमी होतो का?

---

शिपिंगबिल_पुणे:

पहिल्यांदा शब्द नीट करून घ्या. ‘ड्राय पोर्ट’ हा शब्द सीमाशुल्क कायद्यात नाही. तिथे आहे इनलँड कंटेनर डेपो, म्हणजेच आयसीडी. टिपणात तोच शब्द ठेवा, नाहीतर फाइल पहिल्याच टेबलावर अडते.

सीमाशुल्क कायदा १९६२ मधली तीन कलमं तुमच्या कामाची. कलम ७ खाली केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ अधिसूचना काढून त्या गावाला आयसीडी म्हणून नेमतं. देशभरच्या आयसीडींची यादी १९९७ च्या १२ क्रमांकाच्या बिगर-टॅरिफ अधिसूचनेत आहे आणि नवं नाव त्यातच दुरुस्ती करून घालतात. मग कलम ८: आयुक्त त्या आवाराच्या हद्दी ठरवतात, म्हणजे माल कुठे उतरायचा, कुठे चढवायचा आणि कस्टम्स एरिया कुठे संपतो. तिसरं कलम ४५: आवारातला माल कोणाच्या ताब्यात राहील, तो कस्टोडियन नेमला जातो. कस्टोडियनवर २००९ ची कार्गो हाताळणी नियमावली लागू होते. भिंत, काटा, तपासणीची जागा, विमा, बाँड, बँक गॅरंटी, संगणक यंत्रणा, कस्टम्सचं ऑफिस, सगळं त्याच्याच खर्चाने. आपला भाग पुणे कस्टम्समध्ये येतो, त्यामुळे ८ आणि ४५ चं काम पुण्यातून होणार.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवात दिल्लीत आंतरमंत्रालयीन समितीपुढे होते. तिथे व्यवहार्यता अहवाल लागतो. आयसीडीला किमान ४ हेक्टर जागा आणि वर्षाला किमान ६,००० टीईयू (एक २० फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू) अशी अपेक्षा असते. (फक्त सीएफएस, म्हणजे कंटेनर भरायचं-रिकामं करायचं कंटेनर फ्रेट स्टेशन, काढायचं तर १ हेक्टर आणि १,००० टीईयू.) समितीने होकार दिला की इरादापत्र मिळतं आणि एका वर्षात बांधकाम उभं करायचं असतं, फार तर सहा महिने वाढवून मिळतात. जमिनीचा ताबा, बिगरशेती आणि रस्ता हातात नसताना इरादापत्र घेतलं तर मुदत सातबाऱ्यावरच संपते.

अजून एक. कस्टम्सचे अधिकारी बसवायचे म्हणजे त्यांच्या पदांचा खर्च कस्टोडियनने भरायचा, पगाराच्या १.८५ पट. सलग दोन वर्षं ठरलेल्या मापाएवढं काम दाखवलं की माफी मागता येते. आयसीडीसाठी ते माप वर्षाला ७,२०० टीईयू आणि तेवढीच आयातीची बिलं (बिल ऑफ एंट्री) आहे. म्हणजे ६,००० वर दार उघडतं पण पगाराचं ओझं उतरत नाही. आर्थिक तक्त्यात ही ओळ नसली तर तक्ता चुकीचा आहे असंच समजा.

---

रेक_लोडिंग_मिरज:

वरचं सगळं बरोबर. फक्त खर्चाचा जीव रिकाम्या कंटेनरमध्ये आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपला भाग निर्यातीचा. भरून जातं पुष्कळ, भरून येतं थोडं. कास्टिंग भरायला २० फुटी डबा लागतो, तो इथे आयात होऊन रिकामा झालेला नसतो, म्हणून न्हावाशेवाहून रिकामाच ओढून आणायचा. आज ट्रेलरवाला जायचं-यायचं भाडं एकत्रच लावतो, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. आयसीडीत ते वेगळ्या बिलात दिसेल, एवढाच फरक. शिपिंग लाइनने इथल्या यार्डात स्वतःचे रिकामे डबे ठेवले तरच हा खर्च खाली येतो, आणि लाइन ते भरवशाचा माल बघूनच करते.

रेल्वेचा हिशेब असा. कंटेनरचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, ४५ वाघिणींचा, एका वाघिणीवर २० फुटी दोन, म्हणजे ९० टीईयू. वर्षाला ६,००० म्हणजे आठवड्याला साधारण ११५, येणारे-जाणारे दोन्ही धरून. आठवड्यातून एक रेक येऊन भरून परत गेला तर १८० टीईयूची जागा होते. ती भरत नाही. अर्धा रेक सोडला तर दर डब्यामागचं भाडं वाढतं, आणि पूर्ण भरायची वाट बघितली तर जहाजाची कट-ऑफ (माल बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ) चुकते. जागा बघताना पूर्ण रेक उभा राहील अशी रेल्वेची लाइन मिळते का ते पहिलं बघा, साधारण ६८६ मीटर सरळ. तेवढी नसेल तर रेक तोडून दोनदा शंटिंग, आणि तासांचा हिशेब बिघडलाच.

जमेची बाजूही लिहा. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चारही बाजूंना ब्रॉडगेज आहे. कास्टिंग जड, डबा २५-२६ टनांवर सहज जातो. एवढं वजन घाटातून ट्रेलरवर नेण्यापेक्षा रुळावर नेणं केव्हाही बरं. रेल्वेचं गणित कास्टिंग आणि साखरेवर मांडा, द्राक्षावर नको.

---

कुपवाड_एमआयडीसी:

द्राक्षावर का नको? आणि फाउंड्र्यांना भंगार आयात करायचं आहे, ते भरून येईल ना? रिकाम्याचा प्रश्न तिथेच सुटला पाहिजे.

---

शीतसाखळी_तासगाव:

द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. बाकीचे आठ महिने रीफरचे (थंड कंटेनरचे) विजेचे प्लग नुसते उभे. शिवाय द्राक्षाला धक्का सोसत नाही. शून्य अंशाला बसवलेल्या ४० फुटी रीफरचं दार मार्चच्या उन्हात तपासणीला उघडलं की बाहेरची हवा आत जाऊन थंड मण्यांवर पाणी धरतं. पेटीत सल्फरडाय-ऑक्साइडचा पॅड असतो, ओल लागली की तो गॅस एकदम सोडतो. देठाजवळचे मणी पांढरे पडतात आणि तिकडे युरोपात पेटी उघडल्यावर दर पडतो. म्हणून तपासणीची जागा थंड डॉकचीच हवी, दार थेट कोल्ड रूमला लागणारं. प्लगना ४४० व्होल्ट थ्री-फेज आणि डिझेल जनरेटरची सोय. हे नसेल तर बागायतदार पॅकहाउसमधून थेट बंदरावरच जाणार, आणि त्याचं बरोबर आहे.

बेदाणा आणि हळद मात्र आयसीडीला योग्य माल. कोरडा डबा, घाई नाही, वर्षभर थोडाथोडा.

---

शिपिंगबिल_पुणे:

भंगाराचं सांगतो, कारण इथेच बहुतेक टिपणं फसतात. कलम ७ ची अधिसूचना आली म्हणजे सगळा माल सुटतो असं नाही. प्रत्येक खात्याची वेगळी यादी असते.

न कापलेलं, म्हणजे श्रेडिंग न केलेलं धातूचं भंगार फक्त ठरावीक बंदरांतून आणि आयसीडींतूनच येऊ शकतं. ती यादी परकीय व्यापार महासंचालनालयाच्या कार्यपुस्तिकेत आहे, आणि त्या ठिकाणी किरणोत्सर्ग तपासणारी कमान आणि कंटेनर स्कॅनर लागतो. आपलं नाव तिथे नसेल तर डबा न्हावाशेवालाच सोडवायचा. मग आयसीडीत भरून काही येत नाही, रिकाम्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो. श्रेडिंग केलेल्या भंगाराला ही अट नाही, पण ते महाग.

तसंच ॲडव्हान्स ऑथरायझेशन आणि ईपीसीजी (निर्यातदारांना कच्चा माल आणि यंत्रं शुल्काशिवाय आणू देणाऱ्या योजना). त्यांच्या बंदरांच्या याद्याही वेगळ्या, कार्यपुस्तिकेत ४.३७ परिच्छेदात. मिरजेचं नाव आयसीडी म्हणून तिथे आलेलं आहे, पण यादीत नाव असणं आणि फाटक उघडून रोज काम होणं यात मोठं अंतर आहे. बियाणं, मसाले, सुका मेवा आणायचा तर प्लांट क्वारंटाइन आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते प्रवेशठाणं मान्य केलेलं हवं. टिपणात प्रत्येक मालासमोर खात्याचं नाव लिहा.

निर्यातीचं एक दुखणं आधीच सांगतो. आयसीडीत एलईओ (कस्टम्सची निर्यातीची परवानगी) मिळाला तरी जहाज सुटतं बंदरातून. तिथली शिपिंग लाइन गेटवे ईजीएम (बंदरातून निघालेल्या मालाची यादी) भरते. तो इथल्या ट्रेनच्या किंवा ट्रकच्या नोंदीशी जुळला नाही की एसबी००६ ही चूक पडते आणि आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या कराचा) परतावा अडकतो. कंटेनर नंबरातला एक आकडा चुकला तरी पुरतं. आयातीत उलटं: बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) पोहोचवायचं ठिकाण म्हणून आयसीडीचं नाव नसेल तर डबा न्हावाशेवाच्या सीएफएसला जातो. मग आयजीएमची (येणाऱ्या मालाच्या यादीची) दुरुस्ती, तोवर जागाभाडं. परदेशातल्या विक्रेत्याला पहिल्या ऑर्डरपासून हे नाव लिहायला सांगावं लागतं.

आणि हे मोकळेपणाने लिहा, की २०१७ पासून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावून कारखान्यातच डबा सील करता येतो. ज्यांना फक्त तपासणीचा त्रास चुकवायचा आहे त्यांचं काम आयसीडीशिवाय आजही होतं. आयसीडीचा दावा भाड्यावर आणि परतीच्या मालावर उभा करा.

---

रेक_लोडिंग_मिरज:

म्हणून निवेदनाआधी सदस्यांकडून एक तक्ता भरून घ्या. मागच्या १२ महिन्यांचा, महिनावार. माल आणि त्याचा एचएस कोड (कस्टम्सचा मालाचा क्रमांक), डबा २० की ४०, कोरडा की रीफर, डब्यातलं निव्वळ वजन, आयात की निर्यात, कोणत्या लाइनचा, शेवटचं बंदर कोणतं, आणि आज दारापासून न्हावाशेवापर्यंत एकूण किती पडतं, रिकामा आणायचं भाडं धरून. भरलेले आणि रिकामे वेगळ्या रकान्यात. आयात न करणाऱ्यांनाही विचारा, न्हावाशेवाहून येणारा कोणता कच्चा माल ते पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतात. तो माल इथे थेट यायला लागला तर तोच तुमचा परतीचा डबा.

तक्ता भरून झाला की तोच घेऊन दोन-तीन शिपिंग लाइनांच्या पुण्यातल्या ऑफिसला जा, दिल्लीला नंतर. इथे रिकामे डबे ठेवायला कोणी लेखी तयार झालं तर ते पत्र अहवालाला जोडा.

---

कुपवाड_एमआयडीसी:

तक्ता उद्या गटावर टाकतो. भंगार मागवणाऱ्या फाउंड्र्यांची यादी वेगळी काढायला घेतली आहे, श्रेडिंग केलेलं किती आणि न केलेलं किती असे दोन रकाने करून.