वार्षिक तपासणीआधीची हायड्रो: दाब उतरतोय, पण बाहेर एक थेंब नाही

स्टीमलाइन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. 3 टन क्षमतेचा, तीन पासचा, वेट बॅक स्मोक ट्यूब बॉयलर आहे (पाण्यातल्या नळ्यांतून धूर तीन फेऱ्या मारतो, मागचं वळणही पाण्यातच). मंजूर दाब 10.5 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). वार्षिक तपासणी दहा दिवसांवर आली आहे, म्हणून आधी आपली आपण हायड्रो (पाणी भरून दाबाची चाचणी) घेतली. सव्वापट, म्हणजे 13.1 किलोपर्यंत दाब चढवला. पंधरा मिनिटांत काटा 12.2 वर आला. पुढची-मागची ट्यूब प्लेट (जिच्यात ट्यूबची टोकं बसतात), मॅनहोल, हँडहोल सगळीकडे टॉर्च मारून पाहिलं, सगळं कोरडं. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे ब्लाइंड (तोंड बंद करणाऱ्या प्लेट) लावले होते. पाणी फीड टँकमधलंच (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीतलं) भरलं, 65 अंशांच्या आसपास होतं.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

जोड सेफ्टी व्हॉल्व्हपैकी एक 9.8 किलोलाच फुसफुसत होता. रात्रपाळीत कुणीतरी स्प्रिंगचा नट अर्धा आटा आवळला, तेव्हापासून गप्प आहे. हे चालेल का?

आतून शेलला तांबूस गंज आणि ट्यूबवर पांढरट थर दिसतो. तपासणीआधी अ‍ॅसिड वॉश करून, ब्लॅक पेंट मारून घ्यावा असं कंत्राटदार म्हणतो. घ्यावा का?

---

भट्टीकाम

आधी हायड्रोचं बोलतो, कारण उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: 65 अंशांचं पाणी.

तुमच्या बॉयलरमध्ये अंदाजे 5 घनमीटर पाणी मावत असेल. तुडुंब भरलेल्या, बंद भांड्यात पाणी निवलं की आकसतं आणि त्याची जागा घ्यायला आत काहीच नसतं. 65 अंशांच्या आसपास पाणी नुसतं पाव अंशाने निवलं तरी काटा एक किलोच्या आसपास खाली येऊ शकतो. गार शेलमध्ये गरम पाणी भरलंत, लोखंडाने उष्णता ओढून घेतली, पंधरा मिनिटांत 0.9 किलो गेले. यात नवल नाही. पण म्हणून गळती नाहीच असंही समजू नका. दोन्ही कारणं एकत्र असतील तर अशा टेस्टमधून ती वेगळी करता येत नाहीत.

परत घ्या, अशी:

पाणी साधं, हवेच्याच तापमानाचं घ्या. 20 अंशांच्या खालचं नको, कारण थंड पोलाद ठिसूळपणे वागतं. 50 अंशांच्या वरचं नको, कारण जवळ जाऊन हात लावून तपासता आलं पाहिजे. भरल्यावर एक रात्र तसंच राहू द्या, म्हणजे पाणी आणि धातू एका तापमानाला येतील.

भरताना सर्वांत उंच जागेचा एअर व्हेंट उघडा ठेवा. पाण्याची अखंड धार लागेपर्यंत, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तो बंद करायचा नाही. आत हवा अडकली की पंप मारत राहावं लागतं आणि काटा सुस्त चढतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, काही सुटलंच तर तीच इजा करते. हायड्रो पाण्याने घेतात ती याचसाठी. 10.5 किलोला पाणी सुमारे 185 अंशांवर असतं. तशा अवस्थेत शेल फाटला तर 5 टनांतलं सुमारे 800 किलो पाणी क्षणात वाफ होतं आणि 1300 घनमीटरच्या वर फुगतं. गार पाण्याच्या टेस्टमध्ये तोच तडा नुसता पाझरतो.

दाब टप्प्याटप्प्याने चढवा. कामाच्या दाबापर्यंत फीड पंपाने गेलात तरी पुढचं काम हातपंपाने किंवा छोट्या टेस्ट पंपाने करा. फीड पंप एका झटक्यात 15-16 वर नेऊन ठेवतो. ठरलेल्या दाबावर थांबायचा वेळ संपला की दाब 10.5 वर आणा आणि मगच जवळ जाऊन पाहा. चढवलेल्या दाबावर ट्यूब प्लेटला नाक लावून उभं राहायचं नाही.

आता बाहेर न दिसणारी गळती. पाणी ट्यूब प्लेटमधूनच जाईल असं नाही, व्हॉल्व्हमधूनही जातं. क्राऊन व्हॉल्व्ह (वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह) बंद असूनही पास होतोय का, ब्लोडाऊन (तळाचं गाळपाणी काढायचा व्हॉल्व्ह) पास होतोय का, फीड लाइनचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) मागे सोडतोय का? या तिन्ही ठिकाणी पलीकडची फ्लँज (पाइप जोडणारी चकती) सोडून उघडं तोंड पाहा. दाब 1 किलोने उतरायला अर्धा लिटर पाणी पुरतं. तेवढं पाणी ब्लोडाऊनच्या पाइपात शिरलं तर कुणाला कळणारही नाही.

गेजची जागाही पाहा. गेज बॉयलरच्या माथ्यापासून 3 मीटर खाली असेल तर काटा 0.3 किलो जास्त दाखवतो. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांचं मास्टर गेज लावायला तीन तोंडी कॉक मोकळा हवा. हा बऱ्याच ठिकाणी गंजून जाम झालेला असतो.

---

सीलबंद

सेफ्टी व्हॉल्व्हचा नट आवळणं चालणार नाही. आजच बॉयलर चालवणाऱ्यांना सांगा: हा व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन पुन्हा सेट होईपर्यंत आग लावायची नाही.

10.5 ला सेट केलेला व्हॉल्व्ह 9.8 ला फुसफुसतो, म्हणजे सहसा सीट खराब झालेली असते. डिस्क आणि सीटमध्ये क्षाराचा कण बसतो किंवा वाफेने बारीक चर पाडलेली असते. स्प्रिंग आवळल्याने चर भरून येत नाही, फक्त व्हॉल्व्ह उघडायचा दाब वर सरकतो. आता तो 11 ला उघडेल की 12 ला, हे कुणालाच माहीत नाही. सील तुटलं ते वेगळंच. निरीक्षक पहिली नजर त्या सीलवरच टाकतात.

योग्य मार्ग असा: व्हॉल्व्ह उतरवा, सीट आणि डिस्क लॅप करा (घासून एकमेकांवर नीट बसवा), स्प्रिंगला गंज किंवा तडा नाही ना पाहा, टेस्ट बेंचवर सेट करून सील लावून घ्या. जोड व्हॉल्व्हपैकी एक तरी मंजूर दाबावर किंवा त्याच्या खाली उघडलाच पाहिजे. दुसरा किंचित वर ठेवण्याची मुभा किती, ते तुमच्या नियमावलीत पाहा. खरी परीक्षा वाफेवर होते. सगळे वाफेचे मार्ग बंद, पूर्ण आग, आणि दाब किती चढतो ते पाहायचं. अनेक नियमावल्यांत मंजूर दाबाच्या वर 10 टक्क्यांची मर्यादा आहे, अमेरिकन बॉयलर संहितेत 6 टक्क्यांची. तेवढ्यात दाब अडला नाही तर व्हॉल्व्हची क्षमता अपुरी आहे.

तुमचा बर्नर कितीला बंद होतो? 10 ला होत असेल तर व्हॉल्व्ह कायम काठावर राहतो आणि सीट पुन्हा खराब होते. कट-ऑफ 9.5 च्या आसपास ठेवा.

व्हॉल्व्हच्या बाहेरच्या पाइपाला स्वतःचा आधार हवा. त्याचं वजन व्हॉल्व्हच्या बॉडीवर आलं तर ती वाकते आणि सीट कधीच नीट बसत नाही. पाइपाच्या तळाशी ड्रेनचं भोक असतं, ते रंगाने बुजलेलं नाही ना पाहा. बुजलं तर वरचं पाणी व्हॉल्व्हवर साचून बसतं. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये दुसरा कुठलाही व्हॉल्व्ह नसावा.

---

ट्यूबप्लेट

पेंट अजिबात नको. अ‍ॅसिड वॉशही आत्ता नको.

निरीक्षकाला धातू जसा आहे तसा पाहायचा असतो. गंजाचा रंग, खड्ड्यांची जागा, थराची जाडी यावरूनच पाणी कसं चाललंय ते कळतं. तांबूस गंज पाण्याच्या पातळीच्या रेषेवर आणि फीड शिरतं तिथे ठिपक्याठिपक्यांनी असेल तर फीडमधला ऑक्सिजन नीट निघत नाही. पांढरा थर म्हणजे बहुधा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) वेळेवर रिजनरेट (मिठाच्या पाण्याने ताजा) होत नाही. त्या थराचा एक तुकडा पिशवीत ठेवा, जाडी मोजा, नंतर पाण्याच्या जोराने धुवा. अ‍ॅसिड लावायचंच असेल तर तपासणीनंतर, इनहिबिटर (धातूला आम्लापासून वाचवणारं रसायन) घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली. चुकीच्या अ‍ॅसिडने ट्यूबच्या फुगवलेल्या टोकांत खाच पडते आणि जी गळती नव्हती ती सुरू होते.

उघडताना घाई करू नका. आग बंद केल्यावर आपोआप निवू द्या. दाब शून्याजवळ आला की एअर व्हेंट उघडा, नाहीतर आत निर्वात होतो. गरम असताना पाणी काढलं तर तळाचा गाळ ट्यूबवर भाजून दगडासारखा बसतो. मग तो छिन्नीनेही निघत नाही.

आत माणूस जाण्याआधीचं अलगीकरण हा कागदी सोपस्कार नव्हे. शेजारी दुसरा बॉयलर असेल आणि ब्लोडाऊनची लाइन सामाईक असेल, तर चालू बॉयलरचं उकळतं पाणी तुमच्या उघड्या बॉयलरमध्ये येऊ शकतं. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. स्टीम, फीड आणि ब्लोडाऊन तिन्हींवर ब्लाइंड प्लेट किंवा पाइपच सोडून ठेवा, कुलूप लावा, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. दिवा 24 व्होल्टचा, बाहेर एक माणूस कायम.

आत कुठे पाहायचं: दुसऱ्या पासच्या ट्यूबची टोकं, जिथे भट्टीतून वळलेला सर्वांत तप्त धूर पहिल्यांदा आदळतो. तिथे टोकाला बारीक तडे आणि भोकांमधल्या पट्टीत चिरा पडतात. भट्टीच्या नळीचा माथा खाली झुकलाय का, ते पट्टी लावून तीन-चार ठिकाणी मोजा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडा. भट्टी ट्यूब प्लेटला मिळते तिथला वळणाचा भाग तापण्या-निवण्याने सतत वाकतो, तिथे लांबट चर पडते. मॅनहोलची बसण्याची कडा, तळाचा गाळ साचणारा भाग, आणि इन्सुलेशनखालची शेलची जागा, विशेषतः जिथे वरून व्हॉल्व्हच्या ग्लँडचं पाणी टपकलंय. पत्रा काढून पाहाच. धुराच्या बाजूने काजळी पूर्ण झाडा. बंद काळात ओल धरून ती आम्ल सोडते.

झाकलेली जागा उघडायला मी का सांगतोय? 1905 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ब्रॉक्टन इथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून 58 माणसं गेली. तडा रिव्हेटच्या जोडात, एकावर एक चढलेल्या पत्र्यांच्या मध्ये होता. तो आतूनही दिसत नव्हता, बाहेरूनही नाही. त्यानंतर 1907 मध्ये मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम केले आणि 1914 ची अमेरिकन संहिता त्याच वाटेने आली. वेल्डिंगच्या बॉयलरला तसा जोड नसतो, पण झाकलेली जागा असतेच.

एक राहिलं: दाब सोसणाऱ्या भागावर परवानगीशिवाय एक टाकाही वेल्डिंग करू नका. आधी कळवा, पद्धत मंजूर करून घ्या, वेल्डरची पात्रता आणि मालाचे दाखले जोडा.

---

स्टीमलाइन

मनापासून धन्यवाद. व्हॉल्व्ह उतरवून बेंचवर पाठवला, पेंट रद्द. साधं पाणी भरून रात्रभर ठेवलं. आज 13.1 चं अर्ध्या तासात 12.9 झालं. ब्लोडाऊनची पलीकडची फ्लँज सोडली तर मिनिटाला साठेक थेंब पडताहेत. बाकी सगळं कोरडं. पातळीच्या नियंत्रणाचं काय दाखवावं लागेल?

---

गेजग्लास

साठ थेंब म्हणजे अर्ध्या तासात 90 मिलिलिटरच्या आसपास. तुमचे 0.2 किलो त्यातच गेले, हिशोब जुळतो. ब्लोडाऊन व्हॉल्व्हची सीट लॅप करून घ्या. चालू बॉयलरला हीच गळती रोज पाणी आणि उष्णता नेते, आणि सीट वाढत्या वेगाने झिजते.

पातळीसाठी आधी गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काच. स्टीम कॉक आणि वॉटर कॉक दोन्ही बंद, ड्रेन उघडा. वॉटर कॉक उघडा, पाण्याची जोरदार धार आली पाहिजे, मग बंद. स्टीम कॉक उघडा, वाफ सुटली पाहिजे, मग बंद. ड्रेन बंद करा. वॉटर कॉक हळू उघडा, पाणी काचेत वरपर्यंत चढेल. मग स्टीम कॉक उघडा, पाणी खऱ्या पातळीला उतरेल. उतरलं नाही तर स्टीमची वाट तुंबलीय आणि काच खोटी पातळी दाखवतेय. खालून रेंगाळत चढलं तर पाण्याची वाट तुंबलीय.

मोब्रे (फ्लोटवर चालणारे पातळीचे स्विच) दोन असायला हवेत, एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र. पहिला अलार्म देऊन बर्नर थांबवतो. दुसरा त्याखाली लॉकआउट करतो आणि हाताने रीसेट केल्याशिवाय बर्नर लागत नाही. नुसता फ्लोटचा चेंबर ब्लोडाऊन करून "ट्रिप झाला" म्हणू नका. झटक्याने पाणी गेलं की गाळात अडकणारा फ्लोटही खाली पडतो. खरी परीक्षा सावकाश घ्यायची: फीड पंप बंद, मंद आग, पाणी वाफ होऊन हळूहळू उतरू द्यायचं आणि डोळे काचेवर ठेवायचे. काचेत पाणी दिसत असतानाच दोन्ही ट्रिप आले पाहिजेत. काच रिकामी झाली आणि बर्नर चालूच राहिला तर आग लगेच तोडा, पण फीड सुरू करू नका. तापलेल्या भट्टीवर गार पाणी पडणं सर्वांत वाईट. क्राऊन बंद करा, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलू नका, निवू द्या.

दोन्ही ट्रिप कोणत्या पातळीला आले ते काचेच्या खालच्या नटापासून मिलिमीटरमध्ये मोजा, तारखेसह लॉगबुकात लिहा आणि काचेमागच्या पट्टीवर खूण करा. निरीक्षकांसमोर पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा त्याच खुणेवर ट्रिप यायला हवा. दहा मिलिमीटर खाली आला तर चेंबर उघडून गाळ पाहा.