सांबा शेअर: विंडोजवर बनवलेली फाईल लिनक्सवर रीड-ओन्ली का?

प्रश्न: मंडळी, ऑफिसात उबुंटू लिनक्सवर सांबा शेअर (विंडोजवरूनही वापरता येणारं सामायिक फोल्डर) टाकलाय, अकाउंटवाले विंडोजवरून एक्सेल टाकतात आणि मी त्याच सर्व्हरवर लिनक्स लॉगिनने उघडली की सेव्हच होत नाही, ग्रुप दोघांचा एकच आहे तरी. रोज सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मारून वैतागलोय.

उत्तर १: ७७७ आधी बंद कर बाबा! सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाईलला कोणत्या परवानग्या मिळू शकतात ते ठरवणारी सेटिंग) मुळातच ०७४४ असतो, ग्रुपचं राइट, म्हणजे फाईल बदलायची परवानगी, तिथेच कापलं जातं. सांबाच्या सेटिंग फाईलमध्ये तुझ्या शेअरखाली क्रिएट मास्क ०६६४, डिरेक्टरी मास्क (फोल्डरसाठी तेच) २७७५ टाक आणि फोर्स ग्रुप (नव्या फायलींचा ग्रुप ठरवणारी सेटिंग) दे. जुन्या फायलींना एकदा हाताने ग्रुप राइट द्यावंच लागेल, ते आपोआप नाही व्हायचं.

उत्तर २: अर्धंच झालं हे. तू लिनक्सवर बनवलेल्या फायलींना सांबाचे मास्क लागतच नाहीत, तिथे यूमास्क (नव्या फायलींवरून परवानग्या काढणारी लिनक्सची सेटिंग) ०२२ असेल तर ग्रुपचं राइट जातं आणि अकाउंटवाले बोंबलणार. सेटजीआयडीने (२७७५ मधला तो २) फोल्डरचा फक्त ग्रुप नव्या फायलींना पुढे जातो, राइट नाही. सेटएफएसीएल कमांडने फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (नव्या फायलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लाव.

प्रश्नकर्ता: चाललं! आणि एक्सेलच्या फायली एक्झिक्युटेबल का दिसायच्या?

उत्तर १: विंडोजचा आर्काइव्ह बिट (फाईलचा बॅकअप घ्यायचाय ही खूण) सांबा ओनरच्या एक्स (एक्झिक्युट) बिटात लपवतो, सांबाच्या सेटिंगमध्ये मॅप आर्काइव्ह नो कर.